शुद्धिपत्र

कादंबरीचं नाव सांगत नाही.
तुम्ही वाचलीय,
निदान वाचलीय असं चारचौघांत म्हणता.
मी ती खिळ्याखिळ्याने जुळवली
चरईत, सबनिसांच्या छापखान्यात,
दोनशे बारा पानं, सगळी अक्षरं उलटी.

परवा नात घेऊन गेली सिनेमाला,
घोडबंदर रोडच्या मॉलमध्ये, चौथ्या मजल्यावर.
खुर्ची मागे झुकते, पाय वर येतात,
दाढीला बसल्यासारखं वाटतं.

सुरुवातीलाच मिठागराचा चहाचा मळा झालेला.
मिठाचा उजेड कॅमेऱ्याला सोसत नाही म्हणे.
पुस्तकात तिला नाव नव्हतं, इथे ईश्वरी.
पुस्तकात चाळिशीची, टाचा खाराने फुटलेल्या;
इथे टाचा दिसल्याच नाहीत.
लंगडी सासू गाळली.
कोलशेतची होडी गेली, जीप आली,
आणि बुडून मरायचा नवरा दरीत पडला.
जुईली दर दहा मिनिटांनी कानाशी:
"आजोबा, असं नाहीये पुस्तकात."
नाहीये, बाळा.

मग ती वेळ आली.
बातमी घेऊन माणूस दारात.
पान एकशे त्रेचाळीस, खालून चौथी ओळ.
आणि ती नुसती हसली.
पडदाभर चेहरा, संगीत बंद,
मागच्या रांगेत कुणाचं तरी पॉपकॉर्न थांबलं.
जुईलीने माझा हात दाबला:
"हे मात्र अक्षरशः!"

अक्षरशः.
आता कुणाला सांगू,
हस्तलिखितात ती नुसती बसली होती.
निळी शाई, पोट फुगलेला ब.
मला नीट आठवतो, कारण तिथे माझा हात थांबला होता.
माझी आई अशीच बसली होती एकदा
परातीतली कणीक तशीच ठेवून.

खिळे परत टाकणाऱ्या एकनाथ भोईरने
ब च्या कप्प्यात ह टाकला असेल.
किंवा मीच चुकलो. वीज गेलेली,
बोटं न बघता उचलायची.
प्रूफ सबनिसांनी वाचलं, पण त्या दिवशी
त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते.
एक खिळा. तोळाभरसुद्धा शिसं नाही.

त्या हसण्यावर पुढे लेख आले.
ते बंड आहे, ते वेड आहे,
एका बाईंनी तर त्यावर प्रबंध लिहिला,
आमच्याच छापखान्यात बांधायला दिला.
मी रॉकेलने हात धूत गप्प.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी लेखकाचं कार्ड आलं:
अकरा चुका, पान-ओळीसकट.
एका अनुस्वारासाठी दोनदा लाल रेघ.
एकशे त्रेचाळीस त्यात नव्हतं.
दिसलं नसेल?
की दिसलं, आणि दारात आलेलं मांजर
दूध पाजून ठेवून घ्यावं
तसं ठेवून घेतलं?
विचारायला गेलो होतो एकदा, मासुंद्याच्या काठाने,
त्यांच्या जिन्यापर्यंत.
बाहेर पाहुण्यांच्या चपला होत्या. परत आलो.

त्यांनी मीठ बदललं, बाई बदलली, मरण बदललं
आणि इमान राखलं ते माझ्या चुकीशी.
राग यायला हवा होता.
पण खरं सांगतो, ती पोरगी हसली तेव्हा
माझ्या अंगावर काटा आला,
आणि क्षणभर वाटलं, बसली असती
तर इतकं कळलं नसतं.
क्षणभरच.

दिवे लागले. नावं वर सरकू लागली:
केस विंचरणारे, जेवण देणारे, जीपचे ड्रायव्हर.
मी उगाच शेवटपर्यंत वाचली.
लोक उठले.
"चला ना आजोबा. नाही ना आवडला?"

मी नुसता बसलो.
झाडू घेऊन आलेला मुलगा
आमच्या रांगेपाशी थांबला,
मग मागची रांग झाडू लागला.